आत्याच्या पोटातला दोरा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटे गारवा. नळाला दाब कमी, टाकी अर्धीच भरली. वन्संनी कालपासून काही खाल्लेले नाही. पाणीही उलटून पडते. पोट ढोलासारखे ताणलेले. दहाच्या सुमारास टॅक्सी बोलावून इस्पितळात नेले. निघताना त्यांनी सुयांची डबी मागितली. मी रागावले, पण पर्समध्ये टाकली. सर्जननी ऑपरेशनचा कागद पुढे केला, वन्संनी सही केली नाही. कारण सांगत नाहीत. भाजीवाल्याला नको म्हणून सांगायचे राहून गेले.

ही नोंद वहिनीची. काळ्या शाईतली, वळणदार, खाडाखोड नसलेली. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलींचं अक्षर मोत्यासारखं असतं आणि सवयी लोखंडासारख्या, आणि वहिनीचं दोन्ही सत्तरी उलटून गेल्यावरही शाबूत होतं. हवा कशी, पाणी किती, दूध नासलं की टिकलं, कोण आलं नि कोण गेलं, हे संध्याकाळी वहीत उतरल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे. नोंदीतल्या 'वन्सं' म्हणजे तिची थोरली नणंद. बाकी सगळं जग तिला आत्या म्हणे. आधी भाची, म्हणजे वहिनीची मुलगी, म्हणायची, मग शेजारी म्हणायला लागले, त्यांचं ऐकून दुकानातले, आणि शेवटी शाळेतल्या एका मैत्रिणीनेच तिला भर रस्त्यात "अगं आत्या" अशी हाक मारली तेव्हा आत्याने हात टेकले.

आत्या रफू करायची. मोठ्या रस्त्यावर एक लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे वाफेने कोंदलेली खोली, आणि त्या खोलीच्या टोकाला खिडकीशी आत्याचं टेबल. कोटाला सिगरेटने पडलेलं भोक, शालीला कसरीने पाडलेलं भोक, खिळ्याला अडकून फाटलेली बाही, सगळं तिच्या टेबलावर यायचं. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, धागे उपसून काढायची आणि भोकावर एक आड एक असे विणत जायची. नवा दोरा तिला चालत नसे. "ज्याचं अंग, त्याचाच धागा," असं ती म्हणे. रफू दिसली की ती रफू नाही, ठिगळ. आणि धागा ओढायचा नाही, बसवायचा. ओढला की कापड चुरगळतं आणि भोकापेक्षा वाईट दिसतं.

लाँड्रीचे मालक गिऱ्हाइकापुढे कपडा पसरून म्हणायचे, "भोक शोधून दाखवा, धुलाई फुकट." गिऱ्हाईक उजेडात धरून बघायचं, चष्मा पुसून बघायचं, आणि मुकाट्याने पैसे देऊन जायचं. आत्याच्या कामाची कीर्ती ही अशी होती. तिचं काम जितकं उत्तम, तितकं ते कुणाला दिसायचं नाही. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. उलट गिऱ्हाईक हुडकत असलं की ती खिडकीशी बसून गालातल्या गालात हसायची.

काम संपलं की आत्या मान खाली घाली, कापड तोंडाशी नेई आणि दोरा दाताने तोडी. कट्. कात्री हाताशी असली तरीही. तिचं म्हणणं, कात्रीचं टोक केव्हा शेजारचा धागा पकडील सांगता येत नाही, पण दात बरोबर मुळाशी पोचतात. तुटलेला तुकडा ती थुंके. कधी गिळलाही जाई. इतक्या वर्षांत त्याचा हिशोब कोण ठेवणार?

वहिनी लग्न होऊन घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने हे पाहिलं.

"वन्सं, दात आहेत की कात्री?"

"दात. कात्रीला पोटभर जेवता येत नाही."

"एक दिवस पोटात दोऱ्याचा गुंडा होईल."

"होऊ दे. मेल्यावर काढून घे आणि मफलर विण."

वहिनीकडे शाळेत शिवणाच्या तासाला बक्षीस मिळालेली एक छोटी कात्री होती, सारसाच्या चोचीसारखी बाकदार. ती तिने नणंदेला भेट म्हणून दिली. आत्याने घेतली, छान आहे म्हणाली, आणि घरच्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिली. तेव्हापासून ती तिथेच होती. वहिनी ती पुसायची, आत्या ती वापरायची नाही. मधे वहिनीचा नवरा, म्हणजे आत्याचा भाऊ, गेला. भाची शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. घरात दोघीच उरल्या आणि मधे ती कात्री. गुंड्याचा विषय आठवड्यातून एकदा तरी निघायचाच. तो निघाला नाही तर दोघींनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

मग उन्हाळा संपत आला तेव्हा आत्याचं पोट बिघडलं.

सुरुवातीला तिने लक्ष दिलं नाही. या वयात पोट म्हणजे म्हातारं घड्याळ, कधी मागे कधी पुढे. पण हळूहळू दोन दोन दिवस काही व्हायचं नाही, मग एकदम कळा यायच्या, आणि जे काही व्हायचं ते बोटापेक्षा बारीक. आत्या संडासात बसून राहायची आणि विचार करायची. एके सकाळी तिला तो विचार सुचला आणि घामच फुटला. वाट अडली आहे. आत काहीतरी साठलं आहे. आणि तिच्या पोटात साठण्यासारखं काय होतं? पन्नासाहून जास्त वर्षांचा दोरा. काळा, पांढरा, राखी, लोकरी, रेशमी, सगळ्या गावाच्या कपड्यांतला.

वहिनी बरोबर होती.

तिथून आत्याने मूग गिळले. एक म्हणजे वहिनीचं "मी म्हटलं नव्हतं?" तिला ऐकायचं नव्हतं. ते ती एकदा नाही, मरेपर्यंत रोज ऐकवील आणि वहीत लिहूनही ठेवील. पण खरी गोष्ट दुसरीच होती. डॉक्टर पोट उघडणार, आत चिमटा घालणार, आणि सगळ्यांसमोर तो रंगीबेरंगी गुंडा बाहेर काढणार. नर्सा बघायला गोळा होणार. मालकांच्या कानावर जाणार. जिचं काम आयुष्यभर कुणाला दिसलं नाही, तिची सगळी रद्दी एका तबकात दिसणार. यापेक्षा मरण बरं, असं आत्याला वाटलं, आणि ते तिला अगदी मनापासून वाटलं.

तिने जेवण कमी केलं. वय झालं, भूक लागत नाही, अशी कारणं दिली. वहिनीने तिला कोंड्याची बिस्किटं आणायला सुरुवात केली. "पोट साफ होतं याने, खा." आत्या खायची, आणि पोट आणखी फुगायचं.

"वन्सं, आत झोपलात का?" वहिनी संडासाबाहेरून विचारायची.

"झोपले असते तर उत्तर कुणी दिलं?"

"दिव्याचं बिल तुमच्या पगारातून कापते."

"काप. तेवढी तरी कात्री वापर."

दाराच्या एका बाजूला असं हसणं आणि दुसऱ्या बाजूला आत्या भिंतीला डोकं टेकून कळ ओसरायची वाट बघत असायची. असे महिने गेले. मग त्या सोमवारी कळ ओसरलीच नाही.

इस्पितळात नाकातून नळी घातली, हाताला सलाईन लावलं, पोटाचे फोटो काढले. सर्जन तरुण होता, घाईत होता, पण बसून बोलला. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात, डाव्या बाजूच्या वळणावर, वाट जवळजवळ बंद झालेली. वरचं सगळं तुंबलेलं. ऑपरेशन करावं लागेल. मात्र आतडं इतकं फुगलेलं असताना कापून लगेच जोडता येत नाही, टाका धरत नाही. त्यामुळे आतड्याचं तोंड काही काळ पोटावर काढून तिथे पिशवी लावावी लागेल.

"काही काळ म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"काही महिने. पण या वयात पुन्हा जोडणं प्रत्येकाला जमतंच असं नाही. कायमची राहू शकते."

"नको," आत्या म्हणाली.

"आत्या, पिशवीला घाबरू नका. पुष्कळ लोक..."

"पिशवीचं नाही. पोट उघडायचं नाही."

भाचीचा फोन आला. "आत्या, सही कर ना गं. मी उद्या दुपारी पोचते."

"तू ये. सह्याबिह्या मी बघते."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे बघते."

वहिनीने समजावलं, रागावली, रुसून खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. आत्या छताकडे बघत राहिली. मरणाची भीती नव्हती असं नाही. ती होतीच, पायाशी मांजरासारखी बसलेली. पण तबकातल्या त्या गुंड्याची भीती छातीवर बसलेली होती.

बुधवारी सकाळी दुसऱ्या डॉक्टर आल्या. दुर्बिणीने पोट तपासणाऱ्या, पन्नाशीच्या, आवाज खालचा. अंगावर निळं लोकरी स्वेटर. त्यांनी सांगितलं, आणखी एक रस्ता आहे. पोट न उघडता, खालूनच कॅमेऱ्याची नळी घालायची, अरुंद जागेतून आधी बारीक तार पलीकडे न्यायची आणि तारेवरून तिथे एक जाळी बसवायची. जाळी आपोआप फुलते आणि वाट मोकळी करते. तुंबलेलं निघून जातं, सूज उतरते, अंगात ताकद येते. मग दोनतीन आठवड्यांनी निवांतपणे ऑपरेशन करायचं. तेव्हा कापून लगेच जोडता येतं, पिशवी बहुतेक टळते.

वहिनीचा चेहरा उजळला. आत्याचा पडला.

"कॅमेऱ्याने आतलं दिसतं?" तिने विचारलं.

"सगळं दिसतं. तिथे पडद्यावर."

"मग नको."

वहिनी उठून उभी राहिली. "वन्सं, तुमचा हट्ट आहे की काय आहे? मी फोन करते तिला. आता तीच येऊन बघेल." आणि ती ताडताड बाहेर गेली.

डॉक्टरबाई गेल्या नाहीत. त्यांनी वहिनीची खुर्ची ओढून घेतली. पलंगाच्या कठड्यावर हात टेकताना त्यांच्या स्वेटरचं कोपर आत्याच्या डोळ्यांसमोर आलं. कसरीचं भोक. मसुराएवढं, ताजं. दुखण्यात, नाकात नळी असतानाही आत्याचं बोट आपोआप तिथे गेलं.

"हे वाढेल," ती म्हणाली. "लगेच करायला हवं. याच्या आतल्या शिवणीत धागा सापडेल."

"तुम्ही शिवता?"

"रफू करते."

"मग तुम्हाला दाखवते." डॉक्टरबाईंनी खिशातून एक वस्तू काढली. रुग्णांना समजावून सांगायला ठेवलेली नमुन्याची जाळी होती ती. बारीक तारेची, नळीसारखी, दोन्ही टोकांना जरा रुंद. आत्याने हातात घेतली. दोन्ही टोकं धरून ओढली तर ती लांब आणि बारीक झाली, सोडली तर आखूड आणि जाड. कापड तिरकं ओढलं की जसं होतं तसंच. तिने टोकं नखाने चाचपली. तारेची अग्रं मोकळी नव्हती, वळवून परत विणीत घातली होती.

"टोचणार नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "विणणाऱ्याने काम केलंय."

"बारीक नळीत आवळून आत न्यायची आणि तिथे सोडायची. एकदोन दिवसांत पुरती फुलते." डॉक्टरबाई जरा पुढे झुकल्या. "आत्या, तुम्हाला कशाची भीती आहे? दुखण्याची नाही, ते दिसतंय."

आत्याने जाळी डॉक्टरबाईंच्या हातात परत दिली. मग दाराकडे पाहून घेतलं, वहिनी आली नाही ना ते. "एक वचन द्याल? आत जे सापडेल ते या बाईला सांगायचं नाही. आणि तबकात ठेवून मिरवायचं नाही."

"काय सापडेल?"

"दोरा."

"कसला दोरा?"

तेव्हा आत्याने सगळं सांगितलं. दातांचं, तुकड्यांचं, गुंड्याचं, महिन्यांमागून महिने गिळलेल्या मुगांचं. डॉक्टरबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते तिथेच ठेवलं.

"आत्या, पोट म्हणजे काही गोदाम नाही. ते तुकडे आले तसे गेले, दुसऱ्यातिसऱ्या दिवशी. तुमचे पन्नास वर्षांपूर्वीचे तर कधीच समुद्राला मिळाले असतील."

"मग हे काय आहे?"

"गाठ. आतड्याच्या आतल्या अस्तरातून वाढलेली. तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण मला ती चांगली वाटत नाही. ती दोऱ्याने झालेली नाही. तुम्ही काही केलंत म्हणून झालेली नाही."

गाठ वाईट असेल हे ऐकून दुसरी बाई कोसळली असती. आत्याने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. कितीतरी दिवसांत तिने इतका लांब श्वास घेतला नव्हता.

"दोरा नाही," ती म्हणाली.

"नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं."

"लवकर तर दोरा होता."

आता मात्र डॉक्टरबाई हसल्या, खुर्ची हलेपर्यंत. मग गंभीर होऊन त्यांनी बाकीचंही सांगितलं. तार पलीकडे जाईलच याची खात्री नाही. जाळी बसताना आतडं फाटू शकतं. फाटलं तर तसंच उचलून ऑपरेशनला न्यावं लागेल, आणि मग पिशवी. जाळी जागेवरून सरकूही शकते. "मी हे काम पुष्कळ वेळा केलंय. तरी दरवेळी धाकधूक असते."

"असावीच," आत्या म्हणाली. "ज्या दिवशी मला वाटतं हे तर डाव्या हाताचं काम, त्या दिवशी कपडा बिघडतो. आणा तो कागद."

वहिनी फोन करून परत आली तो आत्या सही करून पेनाचं टोपण लावत होती.

"काय झालं?"

"सही झाली."

"मी इतकं डोकं फोडलं तेव्हा नाही झाली ती?"

"तुझं डोकं फुटलं, माझं उघडलं. बस."

खालच्या बाजूने दोनदा पाणी देऊन वाट धुतली आणि तिला आत नेलं. ती खोली गार होती. सगळ्यांच्या अंगावर जड एप्रन, वर एक्स-रेचं यंत्र, भिंतीवर पडदे. आत्याला डाव्या कुशीवर वळवलं, हातात इंजेक्शन दिलं. झोप लागली नाही, पण सगळं दुलईच्या पलीकडून ऐकू यावं तसं येऊ लागलं. पोटात वारा भरल्यासारखं ताणलं. पडद्यावर लालसर भुयार दिसलं आणि भुयाराच्या टोकाला मांसाचा ओबडधोबड गोळा, मधे सुईच्या नेढ्याएवढं काळं भोक. आत्याने डोळे ताणून बघितलं. दोरा कुठे नव्हता. एक धागासुद्धा नव्हता.

"तार द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तार गेली आणि अडली. मागे घेतली, पुन्हा दिली, पुन्हा अडली. खोलीतलं बोलणं थांबलं. आत्याला कळत होतं की आता सगळं या एका टोकावर आहे. तार गेली तर वाट आहे, नाही गेली तर सुरी आणि पिशवी. तिला नेढ्यातून न जाणारा दोरा माहीत होता. अशा वेळी जोर लावला की तो फुटतो.

"ओढू नका," ती पुटपुटली. "बसवा. वाट देईल."

"काय म्हणाल्या?" नर्सने विचारलं.

"मला सांगतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी तार किंचित मागे घेतली, बोटांत जरा फिरवली, आणि पुन्हा दिली. एक्स-रेच्या पडद्यावर एक काळी रेघ गाठीतून पलीकडे सरकली आणि मोकळ्या जागेत वळण घेत गेली. कुणीतरी श्वास सोडला. मग त्या रेघेवरून बारीक नळी गेली, आणि नळी मागे घेता घेता जाळी उघडत गेली. दोन टोकं आधी फुलली, कंबर मात्र आवळलेलीच.

"कंबर हळूहळू सुटेल, आत्या. काळजी नको."

पुढचं वाक्य डॉक्टरबाईंना पूर्ण करता आलं नाही. कितीतरी दिवसांचं तुंबलेलं एकदम मोकळं झालं. जमिनीवर, टेबलावर, आणि डॉक्टरबाईंच्या एप्रनवर कमरेपासून खाली. आत्याला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोलीत कुणी नाक मुरडलं नाही. नर्स तर चक्क हसत होती.

"आत्याबाई, डॉक्टरबाईंना आंघोळ घातलीत की."

"अशी आंघोळ रोज मिळो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे काम फत्ते. आतडं शाबूत आहे, आणि जाळी जागेवर आहे."

आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते लाजेचं नव्हतं. परक्या माणसांनी तिची सगळी घाण अंगावर घेतली होती आणि वर आनंद मानला होता. इतकी माया तिने कुणावर केली होती का, ते तिला आठवेना.

संध्याकाळी पोट मऊ झालं, नाकातली नळी निघाली. दुपारीच पोचलेली भाची खाली चहाला गेली तेव्हा वहिनी पलंगाशी बसली होती. आत्याने तिला दोऱ्याचं सांगून टाकलं. वचन डॉक्टरबाईंचं होतं, तिचं स्वतःचं नव्हतं.

वहिनीने "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारलं नाही. पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"म्हणजे माझ्या बोलण्याने तुम्ही इतके महिने..."

"तुझ्या नाही. माझ्या डोक्याने."

"आमच्या शिवणाच्या सिस्टर सांगायच्या," वहिनी हळू म्हणाली. "दोरा दाताने तोडणाऱ्या मुलींच्या पोटात गुंडा होतो. मला खरंच वाटायचं. मी थट्टा करत नव्हते, वन्सं. मला भीती वाटायची तुमची."

"माझी?"

"तुमच्यासाठी."

आत्याने तिचा हात धरला. इतक्या वर्षांच्या एकत्र संसारात दोघींनी एकमेकींचे हात धरल्याचे प्रसंग फार नव्हते. "तुझ्या त्या सिस्टरनी कधी रफू केली होती का?"

"रुमालाला कशिदा काढायच्या."

"तरीच. कशिद्यात कात्री चालते."

वहिनीने पर्समधून सुयांची डबी काढून उशीजवळ ठेवली.

घरी आल्यावर कोंड्याची बिस्किटं मात्र कचऱ्यात गेली. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, जाळी आहे तोवर कोंडा नाही, सालं नाहीत, बिया नाहीत. मऊ शिजवलेलं खायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. वहिनी टोमॅटोच्या बिया गाळून सूप करायची आणि आत्या वाटी संपवून वर आणखी मागायची. ती भूक बघूनच वहिनी कितीदा स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. मग ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं. गाठ जाळीसकट काढली, आतडं जोडलं, टाक्याने धरलं. पिशवी लागली नाही. गाठ वाईटच निघाली, पण आजूबाजूच्या ग्रंथींपर्यंत पोचली नव्हती. काही महिन्यांनी तपासायला जायचं आणि पुन्हा पुन्हा जात राहायचं, एवढं मागे लागलं. "सगळ्यांच्याच मागे काही ना काही असतं," आत्या म्हणाली. "माझ्या मागे निदान कॅमेरा आहे."

ताकद आल्यावर तिने सगळ्यात आधी डॉक्टरबाईंचं स्वेटर मागवलं. त्या नको नको म्हणत होत्या. नर्सने ते कागदात गुंडाळून भाचीकडे पाठवलं. लाँड्रीत जायला अजून परवानगी नव्हती, म्हणून आत्या घरीच खिडकीशी बसली. मालकांनी तिचं लाँड्रीतलं सामान पाठवलं होतं, ते तिने घरच्या टेबलावर मांडलं. कोपऱ्यात ती कात्री होतीच, आजारपणातल्या धुळीसकट.

भोक वाटाण्याएवढं झालं होतं. आत्याने आतल्या शिवणीतून निळे धागे उपसले आणि एक आड एक विणत गेली. दुपार कलली तेव्हा भोक नव्हतं. ज्या कोपरावर ती बाही बसणार होती ते कोपर तिला आठवलं, पलंगाच्या कठड्यावर टेकलेलं. त्या बाईने तिचं आतलं नीट केलं होतं आणि बाहेरून कुठे काही दिसत नव्हतं. आत्याला ते काम कळत होतं, त्यामुळे त्याचे उपकारही नीट कळत होते. ते फेडण्यासारखे नव्हते. पण थंडी पडू लागली होती, आणि बाहीतून वारा तरी शिरणार नव्हता.

शेवटचा धागा उरला. वहिनी समोर शेंगा सोलत होती. आत्याने मान खाली घातली, बाही तोंडाशी नेली आणि थांबली. वहिनीचे हात थांबले. कात्री दोघींच्या मधे टेबलावर होती.

कट्.

वहिनीने पुढची शेंग उचलली. "स्वेटर धुवायला लागेल आता," एवढंच ती म्हणाली.

"थंड पाण्यात. पिळायचं नाही."

"माहीत आहे मला."

त्या संध्याकाळी वहिनीने वही उघडली, हवा लिहिली, पाणी लिहिलं, आणि खाली लिहिलं: स्वेटर धुऊन सावलीत वाळत घातले. वन्संच्या टेबलावरची कात्री स्वयंपाकघरात घेतली, कांद्याची पात चिरायला बरी पडते.